पारावर बसवलेले मामाजी

मनमाडला गाडी बदलताना हमालांनी आधी माझं लाकडी खोकं चढवलं, मग मला. खोक्यात पिंपळगाव राजाजवळच्या एका खेड्यातल्या दिवंगत पाटलांचा ब्राँझचा अर्धपुतळा होता. जन्मभर मी अशीच मागणीची कामं केली: दगडातले संत, सागवानी गरुड, एका डॉक्टरीणबाईंसाठी काचेचं मोरपंखी दारसुद्धा. साठी उलटली आणि हातातला हुरूपच संपला. पण हा चेहरा मला जमला होता. इतका की तो जागेवर बसलेला पाहायचाच, म्हणून दुखरी कंबर धरून निघालो होतो.

जलंबला उतरून खामगावची छोटी गाडी धरली. समोरच्या शेतकऱ्यानं खोक्याकडे बोट केलं.

"काय घेऊन जाऊन राह्यले, भाऊ?"

"एक पाटील."

त्यानं पाय आखडून घेतले. "मेले काय?"

"दोन वर्षं झाली."

खामगाव येईपर्यंत गृहस्थ खिडकीबाहेरच पाहत राहिला.

पुढे बैलगाडी. चैत्र संपत आलेला, काळी रानं भेगाळलेली, पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) उपटून बांधावर रचलेल्या. एका नाल्यात चाक रुतलं. गाडीवानाबरोबर मीही खांदा लावला आणि कंबरेत अशी उसण भरली की उरलेला रस्ता खोक्याला टेकून, डोळे मिटूनच काढला.

पाटलांचे चिरंजीव दिनकरराव वेशीवर हजर होते. दुपारच्या आतच गड्यांनी पुतळा पारावरच्या चौथऱ्यावर ठेवला आणि खाली पाचरी मारल्या. सिमेंट दुसऱ्या दिवशी भरायचं होतं. तोंड घरांच्या गल्लीकडे, पाठ पूर्वेच्या शेतांकडे. मी सावलीत बसून पाहत होतो, लोक काय म्हणतात ते. पुरुषांनी हात जोडले. बायका मात्र डोक्यावर दोन-दोन घागरी घेऊन, पदर नाकापर्यंत ओढून, खाली बघत विहिरीवरून येत होत्या. सगळ्या अनवाणी, त्या तापलेल्या फुफाट्यातून. मला वाटलं, गरिबी.

जेवायला रोडगे (गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे), तूप आणि झणझणीत वांग्याची भाजी होती. दिनकरराव गड्यांकडे गेले तेव्हा त्यांची बायको, म्हणजे पाटलांची सून गोदावरीबाई दाराआडून बोलली.

"भाऊ, एक सांगू काय? मामाजीचं तोंड वावराकडं करता येईन काय?"

"का बरं?"

"ते जिते होते तवा तिथंच बसत. त्याईच्या समोरून वहाणा घालून कसं जाव? डोक्यावर घागरी, खाली वाकून काढता येत नाही. मंग घरूनच अनवाणी निघत होतो. ते गेले आन् गावच्या साऱ्या सुनाईले वहाणा भेटल्या. आज पुन्हा पाय भाजून राह्यले."

"अहो, पण तो पुतळा आहे."

"पुतळा हाय, पण पाहून राह्यला ना."

माझा जीव सुखावला, खोटं कशाला सांगू. विचारलं, "म्हणजे चेहरा जमलाय?"

"मले काय माहीत, भाऊ? बारा वर्षांत मान वर करून पाह्यलंच नाही."

मी हातातला रोडगा ताटात ठेवला. वर्षभर मी त्या नाकासाठी, त्या भुवयांसाठी रक्त आटवलं होतं. तो चेहरा शेताकडे वळला तर पाहणार कोण? बैल? मी हात धुतले. संध्याकाळी पुन्हा पारावर बसलो. एक बाई विहिरीजवळ घागरी उतरवून तळपाय चोळत होती. मग मात्र राहवेना.

दिनकरराव आले तसं मी म्हटलं, "तोंड पूर्वेला करू या. मावळतीचं ऊन रोज तोंडावर आलं तर ब्राँझ काळं पडतं." आयुष्यात एवढी धडधडीत थाप कधी मारली नव्हती.

"पण बापाची पाठ घराकडं? लोक काय म्हणतीन?"

"काळं तोंड पाहून काय म्हणतील?"

त्यांनी पुतळ्याकडे पाहिलं. "जाऊ द्या. जन्मभर वावरच पाह्यलं त्याईनं. वळवा."

सकाळी पुतळा वळवून सिमेंट भरलं. गाडी जुंपेपर्यंत मी चौथऱ्याला टेकून बसलो होतो. मागच्या रस्त्यानं वहाणांचा चटचट आवाज आला. बायका मोठमोठ्यानं बोलत होत्या, कुणाच्या तरी म्हशीबद्दल. पुतळ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदमच.

दोन दिवसांनी घरी पोचलो. बायकोनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "चेहरा आवडला का हो लोकांना?"

"चेहऱ्याचं काही कळलं नाही," मी म्हटलं. "पाठ मात्र गावातल्या सगळ्या सुनांना आवडली."