कर्जतला वाचलेलं अल्पचरित्र

शलमोन भिंगारदिवे सातवीत असताना मास्तरांनी त्याच्या निबंधाखाली लाल शाईनं लिहिलं, 'तू लेखक होशील.' मास्तर लिहून मोकळे झाले, अडकला तो शलमोन! पुढं सुप्याच्या एमआयडीसीत एकतीस वर्षं पॅकिंगला काढली, पण घरी आला की वही. शलमोनचा शलमोनतात्या झाला तरी वही सुटली नाही. एकच कादंबरी, सात जाडजूड वह्या. पुण्याच्या अकरा प्रकाशकांनी ती परत पाठवली. अकराव्या पठ्ठ्यानं तर पाकीटसुद्धा फोडलं नव्हतं.

गावच्या चर्चच्या मंडळीत मात्र तात्यांवाचून पान हलायचं नाही. आपल्याकडच्या ख्रिस्ती लोकांत कुणी गेलं, की दफनाआधी चर्चमध्ये त्या माणसाचं अल्पचरित्र वाचतात. जन्म कुठला, लग्न कधी झालं, मुलंबाळं किती, माणूस कसा होता. पान-दीड पान. वाचतात पाळकसाहेब, आणि लिहिलं कुणी हे कोणी सांगतही नाही, विचारतही नाही. तीस वर्षं ते काम तात्यांकडं. कुणी कौतुक केलं की उलट चिडायचे.

"ते काय लिखान हाय व्हय? लिखान म्हंजे पुस्तक! वर नाव पायजे छापलेलं!"

सहा वर्षांपूर्वी त्यांची बायको रेबेका गेली. तिचं अल्पचरित्रही त्यांनीच लिहिलं, एका बैठकीत, डोळे पुशीत.

मागच्या महिन्यात कर्जतहून फोन आला. चुलतभाऊ जेम्सची बायको, मार्था, वारली होती. तात्या एसटीनं कर्जतला पोचले तोवर उपासना सुरू झालेली. मागच्या बाकावर टेकले. गीत झालं, प्रार्थना झाली, आणि पाळकसाहेबांनी खिशातून मोबाईल काढून मार्थाचं अल्पचरित्र वाचायला घेतलं.

जन्म, लग्न, मुलं झाली. मग वाक्यं आली, आणि तात्यांनी कान टवकारले. आयला, झकास लिहिलंय की! एक शब्द इकडचा तिकडं करायला नको. त्यांच्या पोटात दुखलंच जरा. कोण हा गडी? कर्जतात असा लिहिणारा बसलाय आणि आपल्याला पत्ता नाही?

"संध्याकाळी ती उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसायची," पाळकसाहेब वाचत होते, "आणि घरी आलेल्या नवऱ्याला विचारायची, आज काय काय झालं, सांगा की. तो दिवसभराचं सगळं सांगायचा. त्याचं सांगणं संपेपर्यंत तिचे तांदूळ काही संपायचे नाहीत."

तात्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला. अरे देवा! हे तांदूळ तर रेबेकाचे! उंबरा त्यांच्या घराचा, वाक्य त्यांच्या हातचं, आणि नाव तेवढं मार्थाचं. सगळं चर्च रडत होतं. पुढच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या तर पदर तोंडात कोंबून हुंदके देत होत्या. तात्यांना वाटलं, उठून ओरडावं, थांबा, ही माझी बायको आहे, दुसऱ्या बाईच्या पेटीत घालून तिला पुरू नका! पण समोर पेटी होती; त्यांनी पुढच्या बाकाची कड तेवढी घट्ट धरली.

दफन उरकल्यावर त्यांनी जेम्सच्या सुनेला गाठलं. आराधना तिचं नाव, पोरगी गुणी.

"ते अल्पचरित्र कुनी लिवलं गं?"

"ग्रुपवर आलं हुतं, तात्या," ती ओशाळून म्हणाली. "घाईत काय सुचंना, मग नावं, गावं तेवढी बदलली. लई ठिकानी हेच वाचत्यात. काष्टीला माझ्या आत्याच्या टायमाला बी हेच हुतं."

कुणीतरी त्या कागदाचा फोटो काढला असणार, आणि तो फिरत फिरत किती गावं हिंडला, किती बायांच्या दफनाला वाचला गेला, देव जाणे. राग तर असा आला होता की कुणाचं तरी नरडं धरावं. आणि सांगायला लाज वाटते, पण आत कुठंतरी माणूस सुखावलाही होता. अकरा प्रकाशकांच्या नाकावर टिच्चून गावोगाव लोक त्याच्या वाक्यांवर रडत होते! फक्त त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं. बास झालं, आज सांगायचंच. पहिल्यांदा जेम्सला, मग पाळकसाहेबांना, मग सगळ्या कर्जतला.

जेम्स कबरस्तानाच्या फाटकापाशी लिंबाखाली एका दगडावर एकटाच बसला होता.

"जेम्स, मघाशी वाचलं ना ते..."

"लई खरं लिवलंय, तात्या," जेम्स मान खाली घालूनच बोलला. "मला ठावं नव्हतं आराधनानं काय आनलंय ते. मार्था तशीच हुती. रोज विचारायची, दिसभर काय झालं. पर एक खोटं हाय त्यात. मी कधी सांगितलं न्हाई. गप बस, दमून आलोय, म्हनायचो. चाळीस वर्सं हेच. तेवढं वाचलं तवा मला मान वर करवंना." त्यानं उपरण्यानं नाक पुसलं. "ज्यानं कुनी हे लिवलंय ना, त्याची बायको नशीबवान बगा."

रेबेका रोज विचारायची. आज काय काय झालं, सांगा की. बरं, त्या वहीत काय चाललंय ते तरी सांगा. आणि ते वहीतून डोकंही वर न काढता म्हणायचे, "तुला काय कळतंय त्यातलं? तू आपले तांदूळ निवड." सात वह्या भरल्या, आणि तिनं त्यातली एक ओळ ऐकली नव्हती.

आयुष्यभर ज्या शब्दांसाठी जीभ शिवशिवली, ते शब्द ओठांवर येऊन बसले होते. आता गिळताही येईनात.

"जेम्स, ते मीच लिवलंय. माझ्या रेबेकावर." तात्या त्याच्या शेजारी टेकले. "आन् ते खोटं बी माझंच हाय."

जेम्सनं पहिल्यांदा मान वर केली.

"म्हंजे तुमी बी, तात्या?"

"व्हय रं. मी बी."