कंच्यांच्या पोत्यातला कोंडा

शकुबाई रामटेके रागीट आहेत, हे आधीच लिहून टाकतो. पुढे कोणाला वाटायला नको की मी त्यांची आरती ओवाळतो आहे. चांद्याच्या मूल रोडवरच्या आमच्या कारखान्यात मी हिशेबनीस आणि त्या पॅकिंगच्या शेडच्या मुकादम. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी गोड शब्दांत बोलल्याचे मला आठवत नाही.

कारखाना म्हणजे दोन भट्ट्या आणि एक पत्र्याची शेड. कडक आचेला न फुटणाऱ्या मातीचे पांढरे गोळे आम्ही भाजत असू. काही लिंबाएवढे, काही बोराएवढे. शेडमधल्या बाया ते निवडत आणि पोत्यात भरत. हे गोळे कुठे जातात आणि कशाला लागतात, हे फक्त मालक बापूजींना माहीत होते. दुसरा कोणी धंद्यात उतरेल या भीतीने त्यांनी ते कोणालाच सांगितले नव्हते, मलाही नाही. बाया त्यांना कंचे, म्हणजे गोट्या, म्हणत. "मुंबईच्या साहेबाईचे पोट्टे लय कंचे खेळत असन," असे म्हणून सुगंधाबाई सगळ्यांना हसवायची. शकुबाई तेवढ्या हसत नसत. आपण काय भरतो हे माहीत नसणे त्यांना बोचत असे.

हा स्वभाव वडिलांकडून आलेला. सोमाजी छप्पन साली चिमूरकडच्या गावाहून धम्मदीक्षेसाठी पायी चांद्याला गेले आणि परतल्यावर गावची मेलेली गुरे ओढायचे काम त्यांनी सोडले. पाटलाने बोलावले तेव्हा ते गेले, पण हात जोडले नाहीत. मुलीला त्यांनी सांगून ठेवले होते की हात जोडायचे ते विहारात. मालक आले की नमस्कार करत जा, असा सल्ला मी एकदा शकुबाईंना दिला, तेव्हा ही हकिकत त्यांनी मला जवळजवळ ओरडूनच ऐकवली.

एकही गोळा टवका उडालेला जाता कामा नये, एवढा एकच हुकूम बापूजींचा असे. आमच्या धानाच्या मुलखात फुटणारी वस्तू कोंड्यात ठेवायची, हे कोणाला शिकवावे लागत नाही. अंडी असोत, काचेच्या बांगड्या असोत. शकुबाईंनी राईस मिलमधून कोंडा आणवला आणि गोळ्यांच्या थराथरात घातला. बापूजींनी तो पाहिला होता. कोंडा फुकट मिळत होता, म्हणून ते खूशही झाले होते.

चौऱ्यांशीच्या उन्हाळ्यात दूरच्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यातून एक इंजिनिअर आले. त्यांनी पिशवीतून एक काळी, जळकी खपली काढून बापूजींच्या टेबलावर ठेवली. तुमच्या पोत्यांतल्या कोंड्याने हे झाले, म्हणाले. हात जोडून माफी मागायला लावण्यासाठी त्यांनी शकुबाईंना बोलावून घेतले. शेडमधल्या सगळ्या बाया आणि भट्टीवरचा मुखरू मागोमाग दारात येऊन उभे राहिले.

शकुबाईंनी खपली उचलली आणि हे काय होय, असे सरळ इंजिनिअरना विचारले. त्यांनीही सरळ सांगितले. एका उंच लोखंडी टाकीत उत्प्रेरकाचे बारीक दाणे भरलेले असतात. तेल वरून खाली त्यांतून जाते आणि शुद्ध होते. पण तेलाबरोबर गंज आणि कोळशासारखी कणीही येते. ती दाण्यांत बसली की वाट बुजते आणि सगळा कारखाना बंद ठेवावा लागतो. ती कणी वरच्या वर अडावी म्हणून दाण्यांवर या गोळ्यांचा थर देतात. या वेळी घाईत त्यांच्या माणसांनी पोती न चाळताच ओतली. कोंडा आत जळला आणि त्याचीच खपली धरली. कचरा अडवायला ठेवलेल्या थरानेच कचरा नेला.

बापूजी म्हणाले, "आयकलं ना? आता हात जोड साहेबाले. नाई तं उद्यापासून येऊ नको."

शकुबाईंचा नवरा श्रीहरी दम्याने घरी बसलेला होता. घर त्यांच्या एकटीच्या मजुरीवर चालत होते, हे बापूजींना पक्के ठाऊक होते.

"कोंडा म्याच टाकला," शकुबाई म्हणाल्या. "चूक माही, नाई म्हणत नाई. पण बापूजी, हे कायले लागते ते तुमाले मालूम होतं. मले काऊन नाई सांगतलं?"

"तुले सांगून का? तू का तेलाचा कारखाना काढणार होती?"

"कारखाना नसता काढला. कोंडा नसता टाकला."

मुखरूला हसू आवरले नाही. बापूजींनी पुन्हा हात जोडायला सांगितले.

"हात विहारात जोडतो मी. इथी काम करतो." एवढे बोलून त्या घरी निघून गेल्या; मागोमाग शेडमधल्या बायाही गेल्या.

कोंड्याचा फायदा ज्याने घेतला, त्याने दोष मात्र बाईच्या माथी मारला. त्या दिवशीचा माझा संताप अजून उतरलेला नाही.

इंजिनिअरना नवा माल हवा होता आणि तो घेतल्याशिवाय ते जाणार नव्हते. बापूजींनी गावातून नव्या बाया आणल्या. सांगितले एवढेच, की कोंडा नको. बायांनी कोंडा टाळला आणि आरागिरणीतून सागाचा भुसा आणून भरला. इंजिनिअरनी पहिलेच पोते उसवले आणि बारीक भुसा त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उडाला.  त्यांनी ते पोते बापूजींपुढे सरकवले.

मग मला शकुबाईंच्या घरी पाठवण्यात आले. त्या भाकरी थापत होत्या. येतो, म्हणाल्या, पण हे गोळे कशाला लागतात ते बापूजींनी शेडमध्ये उभे राहून सगळ्या बायांना स्वतः सांगायचे.

बापूजींनी सांगितले. भिंतीकडे बघून, तोंडातल्या तोंडात.

"मांगं आयकू नाई आलं," शेवटच्या रांगेतून शकुबाई म्हणाल्या.

त्यांना पुन्हा सांगावे लागले, मोठ्याने. त्यानंतर गोळे धुऊन, स्वच्छ चादरीवर वाळवून, कापडी थैल्यांत शिवून जाऊ लागले.

शकुबाईंनी बापूजींना माफ केले नाही. नवी बाई कामाला आली की तिच्या हातात एक गोळा देऊन, हा कशाला लागतो ते बापूजींना विचारायला त्या तिला ऑफिसात पाठवतात आणि उत्तर आणल्याशिवाय कामाला हात लावू देत नाहीत. गेल्या आठवड्यात सोमारी नावाची एक बाई अशीच आली. बापूजी चहा पीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"तुमीच सांगून द्या ना."

"शकुबाईंनी तुम्हाला विचारायला पाठवलंय," मी म्हणालो.

त्यांनी कप खाली ठेवला. "तेलात कचरा येते..." ते सुरू झाले. शेडच्या दारात शकुबाई कान देऊन उभ्या होत्या.