कासाबाई आणि दोन शेरांची नन्नी

पेडगावात मेंढी अडली की लोक कासाबाईला बोलवायचे. नवरा येडबा कळप घेऊन रानात जायचा आणि कासाबाई घरी लंगडी, आजारी, आईने जवळ न घेतलेली कोकरं जगवायची. तिच्या हाताला यश आहे, असं गाव म्हणायचं. ती स्वतः एवढंच म्हणे, "निसतं बघत बसावं. जनावर आपणहून सांगतं."

निजामी अमलातल्या फसली सन तेराशे बावन्नच्या, म्हणजे १९४२च्या हिवाळ्यात तिच्याकडे कोकराऐवजी कुत्रं आलं. गावचे जमीनदार आबासाहेब यांच्या ओळखीच्या एका अंमलदाराची हैदराबादेहून लांब बदली झाली, आणि जाताना तो आपली विलायती कुत्री त्यांच्या घरी सोडून गेला. नाव नन्नी. वजन फार तर दोन शेर, अंगावर आखूड काळे केस, डोळे मोठाले, पाय काडीसारखे. आबासाहेबांच्या पत्नी कस्तुराबाईंना तिने असं काही धरलं की दुसऱ्या कुणाच्या मांडीवर ती बसायचीच नाही.

मग कस्तुराबाईंच्या भाचीचं लग्न निघालं. मानवतला बारा दिवस राहायचं होतं. लग्नघरात नन्नी कुणाच्या तरी पायाखाली सापडेल, या धास्तीने त्यांनी कासाबाईला बोलावून घेतलं.

"कासे, बाजेवरून उडी मारू देऊ नको, पाय मोडायला वेळ लागत नाही. थंडीला जप. खायला मऊ दूधभात. तिखटाचा कण नको."

"द्या इकडं. आमी कोकरं सांभाळतो, ही त्याहून काय जड हाय?"

किती वेळा खायला घालायचं, हे कस्तुराबाईंनी सांगितलं नाही. कासाबाईने विचारलंही नाही. कुत्र्याला कधी खायला घालतात हे धनगराच्या बाईने विचारायचं म्हणजे जरा अतीच.

संध्याकाळी येडबा घरी आला तर उंबऱ्यातच नन्नी त्याच्या अंगावर धावून गेली.

"कासे, ह्ये उंदीर हाय का कुत्रं?"

"हळू बोला. तिला कळतंय."

"कळू दे की. आपला खंड्या शिंकला तर ही उडून जाईल."

खंड्या म्हणजे कळपाचा राखण्या, लांडग्याला अंगावर घेणारा. नन्नीने त्याच्या नाकासमोर उभं राहून असा काही दम भरला की तोच दोन पावलं मागे सरकला. येडबा हसत बसला. कासाबाईने मात्र तिला चटकन उचललं. आपण केवढ्याशा आहोत हे या नन्नीबाईला ठाऊकच नाही, हे तिने पहिल्याच दिवशी ओळखलं.

दुसऱ्या दिवशी नन्नी दाराकडे तोंड करून बसली आणि सारखी थरथरायला लागली. कासाबाईने घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलं, तरी तेच. मग तिच्या लक्षात आलं, रस्त्यावर पाऊल वाजलं की थरथर वाढते आणि पाऊल पुढे गेलं की मान खाली पडते.

"थंडीनं न्हाई कापायली ही," ती येडबाला म्हणाली. "मालकिणीची वाट बघायलीय."

खाणं मात्र तिने आपल्या रीतीने चालवलं. कळपावरच्या कुत्र्याला एकदाच खायला मिळतं, दिवेलागणीला, मेंढरं कोंडल्यावर. पोट भरलेलं कुत्रं राखण करीत नाही. खंड्याला भाकर, नन्नीला वाटीभर दूधभात. नन्नी चार घास चाटून तोंड फिरवायची आणि उरलेलं खंड्या संपवायचा.

चौथ्या दिवशी सकाळी नन्नी उठली ती झोकांड्या खात. दोन पावलं चालली आणि आडवी झाली. डोळे उघडे, पण नजर कुठंच नाही.

येडबाचा चेहरा उतरला. "मालकिणीला काय सांगायचं आता? गावात तोंड कसं दाखवायचं?"

कासाबाईने नन्नीला मांडीवर घेतलं. तिच्या तोंडात बोट घालून पाहिलं. हिरड्या गार होत्या. उपाशी राहिलेल्या कोकराचं तोंड असंच गार लागतं, हे शंभर वेळा त्या बोटाने पाहिलेलं होतं. "उपाशी हाय ही," ती म्हणाली. "म्या उपाशी ठिवली."

तिने कोमट पाण्यात गूळ कुस्करला आणि बोटाने हिरड्यांवर चोळत राहिली. थेंब घशात उतरतो का ते बघायचं, मग दुसरा. मधूनमधून पोट आपल्या उबेला धरायचं. येडबाने मेंढरं सोडली नाहीत, नुसता बसून राहिला. दारातलं ऊन जात्यापर्यंत सरकलं तेव्हा कुठं नन्नीने बोट चाटलं.

त्या दिवसापासून कासाबाई दोन-दोन तासांनी चिमूटभर खायला घालू लागली. एरवी नन्नी तिच्या ओटीत बसून घरभर फिरायची, आणि येडबा जवळ आला की तिथूनच गुरगुरायची.

"मालकिणीला सांगू नको," येडबा म्हणाला. "जगली की आता."

"फुडच्या टायमाला दुसऱ्या कुनी असंच केलं तर?"

कस्तुराबाई परत आल्या त्या थेट कासाबाईच्या दारी. नन्नी त्यांच्या अंगावर चढून तोंड चाटू लागली. ते थांबायच्या आतच कासाबाईने सांगून टाकलं. "मालकीणबाई, माज्या हातनं ही मरत व्हती. खंड्यावानी दिसातनं एकडावच खायला घातलं मी."

कस्तुराबाईंनी नन्नीला पोटाशी धरलं.

"मी दिवसभर येता-जाता घास देते तिला," त्या म्हणाल्या. "ते खाऊ घालणं आहे, हे मलाच सुचलं नाही. मग तुला काय सांगणार?"

त्यांनी लग्नातला बुंदीचा लाडू पदरातून काढला आणि नन्नीच्या तोंडाशी नेला. कासाबाईने मधेच त्यांचा हात धरला.

"ह्ये न्हाई. एवढं तिच्या पोटाला झेपत न्हाई."

असा हात धरणं त्या गावात कुणाला जमलं नसतं. कस्तुराबाईंनी लाडू कासाबाईच्या हातावर ठेवला, उंबऱ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "बरं, सांग. सकाळी पहिला घास किती वाजता?"