दोघींचा खुबा

दोन हजार चार-पाच साल असेल. माझा आणि माझ्या थोरल्या बहिणीचा, दोघींचाही खुबा दुखायचा. ताई गिरीज गावी बागायती वाडीत राबायची, मी माणिकपूरच्या शाळेत शिकवायचे. मुंबईच्या डॉक्टरांना आम्ही एकाच दिवशी दाखवलं.

खुब्यांचे एक्स-रे बघून ते मला म्हणाले, “तुमचं दुर्बिणीनं ऑपरेशन करू.” मग ताईकडे वळले. “तुमचं वजन जास्त आहे, सांधाही झिजायला लागलाय. आत्ता केलं तर फारसा गुण येणार नाही. आधी वजन उतरवा, मग बघू.”

माझं ऑपरेशन झालं आणि मी नीट चालू लागले. ताईनं भात सोडला, रात्रीचं जेवण सोडलं. वर्षभरात ती ओळखू येईना. पुन्हा गेलो तेव्हा डॉक्टर हळूच म्हणाले, “वजन छान उतरलंय, पण सांधा पार झिजलाय. आता बदलावाच लागेल.”

“मग मी उपाशी राहिले ती कशाला गं?” ताईनं मला विचारलं, डॉक्टरांना नाही.

सांधा बदलायला ती तयार झालीच नाही. पुढच्या वर्षी झोपेतच गेली.

अजूनही जिना चढताना मागून कुणी पाय ओढत येतंय असं वाटतं. मी कठडा धरून थांबते, तिला वर यायला वेळ देते.