अकरा जणांची हजेरी

हजेरीकाका रोज सकाळी सातला मेलेल्या माणसांची हजेरी घेत. भोपाळच्या शिवाजी नगरात आमच्या सरकारी क्वार्टरांच्या मधल्या बागेत लाल दगडाचा एक शहीद स्तंभ होता आणि त्यावर युद्धात गेलेल्या अकरा जवानांची नावं कोरलेली होती. काका चपला काढून समोर उभे राहत आणि एकेक नाव खणखणीत आवाजात वाचत. प्रत्येक नावानंतर थोडं थांबत, समोरून 'हजर' येईल म्हणून. आम्ही पोरं मेंदीच्या कुंपणामागे लपून "येस सर!" ओरडायचो. काका चिडत नसत. "चला, आज एक तरी आला," म्हणत आणि ऑफिसला जात.

ऑफिसात ते हेडक्लार्क. वडिलांची कचेरी नागपूरहून इथे हलली तेव्हा लहानपणी आलेले आणि मग हाडाचे भोपाळी झालेले. मस्टर त्यांच्या ताब्यात. एकाने दुसऱ्याची सही ठोकली तर शाईच्या रंगावरून ओळखायचे, अशी त्यांची ख्याती. एकदा मी विचारलं, "काका, यात तुमचं कुणी होतं का हो?" म्हणाले, "नव्हतं, म्हणूनच. घरच्यांनी रडायचं असतं पोरी, बाकीच्यांनी निदान नाव तरी घ्यावं. त्याला काय कष्ट पडतात?"

पुढे वसाहतीत देशभक्त नागरिकांची समिती निघाली. त्याआधी आम्ही नुसतेच नागरिक होतो, चुकलंच आमचं. समितीच्या लक्षात आलं की इतकं थोर राष्ट्रीय स्मारक आणि त्याला साधं लायटिंग नाही! म्हणजे रात्री जवानांनी काय अंधारात चाचपडायचं? लगेच तिरंगी दिवे आले, भोंगा आला, सेल्फीसाठी चौकट आली. स्मारकाचं पावित्र्य राखायला पोरांचं क्रिकेट बंद झालं आणि त्या जागेवर पदाधिकाऱ्यांच्या गाड्या लागू लागल्या. गाड्यांनी पावित्र्य बिघडत नसावं.

मग जीर्णोद्धार ठरला. नव्या शिलालेखाचा मजकूर अध्यक्षांनी काकांना दाखवला, कारण वसाहतीत अक्षर न् अक्षर तपासणारा दुसरा प्राणी नव्हता. मजकूर होता, 'देशभक्त नागरिकों की विनम्र चेष्टा'. काकांचा चष्माच घसरला. "अहो, चेष्टा काय म्हणता? शहिदांची?" अध्यक्ष गडगडाटी हसले. "अरे दादा, चेष्टा यानी प्रयास! इत्ते साल हो गए भोपाल में, अब तो हिंदी सीख लो!" काका ओशाळले. उभा जन्म हिंदीत टिपणं लिहिली, पण घरचा शब्द ऐन वेळी आडवा येतोच. त्यांनी मजकूर मुकाट्याने पास केला.

उद्घाटनाला चार इमलीच्या, म्हणजे बड्या अधिकाऱ्यांच्या वस्तीतल्या, बंगल्यातून एक साहेब आले. पडदा सरकला. काय ते वैभव! खालपासून वरपर्यंत काळं ग्रॅनाइट, चेहरा पाहून भांग पाडावा इतकं चकचकीत. सोनेरी अक्षरांत अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, झाडून सगळी समिती. अकरा नावं मात्र कुठेच नाहीत. काकांनी माईकसमोरच विचारलं, "नाम कहाँ हैं?" अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "नाम कहीं नहीं गए दादा, अंदर ही हैं। एकदम सेफ।" टाळ्या झाल्या, पेढे वाटले. परतताना काका मला म्हणाले, "पोरी, माझी मराठी चुकली नव्हती गं."

त्यानंतर काकांनी अर्ज दिले. उत्तरं आली, 'विचाराधीन'. पण हजेरी सुटली नाही. ग्रॅनाइटसमोर उभं राहून ते आता पाठ असलेली नावं म्हणू लागले. सकाळी व्यायामाला येणारे देशभक्त म्हणायचे, "अंकल, थोडा साइड हो जाइए, फोटो में आ रहे हैं।"

आणि एका सकाळी ते दहाव्या नावावर अडले. अकरावं येईना. घरी आले, पाणी प्यायले, बोटांवर पुन्हा मोजलं. दहाच. "तू तर रोज ऐकायचीस ना लहानपणी? सांग, अकरावा कोण?" बाई गं! मी, राष्ट्रगीताला सगळ्यांच्या आधी उठणारी, स्टेटसला तिरंगा ठेवणारी, मला एक नाव धड सांगता येईना. 'येस सर' तेवढं आठवत होतं. कुठे लेखी नोंद असेल म्हणून चार ठिकाणी विचारलं, कुणाकडे नव्हती. जे होतं ते दगडावरच.

काकांनी त्याच महिन्यात अंथरूण धरलं. रोज एकच धोशा, अकरावा कोण. शेवटी मी मिस्त्रीला हातापाया पडून भरदुपारी बागेत नेलं आणि नावं होती तिथल्या दोन लाद्या काढायला लावल्या. आत नावं नव्हती. ग्रॅनाइट घट्ट बसावं म्हणून आधी त्या लाल दगडाला, पाट्याला लावतात तशी, टाकी लावली होती, छिन्नीने ठोकून सगळा खडबडीत केला होता. अक्षर म्हणून एक उरलं नव्हतं. मिस्त्री म्हणाला, "मॅडम, बिना टाँके सीमेंट पकड़ता नहीं।" मी तिथेच बसले आणि रडले. लाजेने रडले.

काका दाराकडे डोळे लावून होते. त्यांना हे सांगायचं कसं? मी म्हटलं, "मिळालं काका! अकरावा शिवप्रसाद." नाव मनचंच, सुचलं ते.

त्यांनी डोळे मिटून ते एकदा पुटपुटलं. मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मस्टरवरची सही पाहावी तसं. "नाही पोरी," हळूच म्हणाले, "हा तो नव्हे. खोटी हजेरी लावू नये. त्याची जागा कोरी ठेव."

चौथ्या दिवशी ते गेले. समितीने शोकसभा घेतली, त्यात काकांचं आडनाव चुकलं. मी आता सातला बागेत जाते. काकांकडून अंथरुणाशी बसून उतरवून घेतलेली दहा नावं घेते आणि मग एका माणसाला लागेल तेवढा वेळ गप्प उभी राहते.