आवतन न देता काढलेली मुळी

आमच्या घरात भांडण लागावं म्हणून ओसरीच्या तुळईमागं कळलावीची मुळी मी ठेवली होती. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

ज्यांनी कळलावी पाहिली नसेल त्यांना आधी तिच्याबद्दल सांगतो. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या अलीकडं आमचं गाव. शेत थोडं, मेंढरं बरीच. ओढ्याकडच्या बांधावर बोरी-बाभळीचं कुंपण, त्यात दरसाल ही वेल यायची. उन्हाळाभर तिची काडीसुद्धा दिसत नाही. पावसाळ्यात कुठूनशी उगवते आणि पानाच्या शेंड्याचाच आकडा करून काट्यांना धरत धरत वर चढते. श्रावणाच्या सुमारास फुलं येतात. पाकळ्या वर उलटलेल्या, आधी हिरवट, मग पिवळ्या, मग लाल. लांबून पाहिलं तर कुंपणानं जाळ धरलाय असं वाटावं. एवढं देखणं फूल आमच्या शिवारात दुसरं नाही, अन्‌ मेंढरं मात्र तिला तोंड लावत नाहीत. मुळी विषारी, पोटात गेली तर माणूस जातो, हे लेकरांनाही ठाऊक.

तिच्याबद्दल आमच्याकडं दोन गोष्टी मानतात. ती ज्या घरात शिरेल त्या घरात भांडण लागतं. फूल तोडून आणलेल्या पोरीला माय दारातूनच परत पाठवते. आणि बाई बाळंतपणात अडली, तर हीच मुळी तिच्या पायाला बांधतात. लेकरू बाहेर आलं की लगेच दोरा तोडायचा, नाहीतर मुळी आतलं सगळं ओढून काढते म्हणतात.

पण तिला न्यायची रीत आहे. आदल्या दिवशी सांजच्याला हळद-कुंकू, तांदूळ वाहून तिला आवतन द्यायचं, उद्या तुला न्यायला येते म्हणून. उजाडता लाकडानं उकरायचं. लोखंड लावायचं नाही, तिच्यावर आपली सावली पडू द्यायची नाही, आणि मुळी हातात आल्यापासून पायाला बांधेपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. सोयऱ्यालाही आमच्याकडं एवढा मान मिळत नाही.

हे सगळं मला वहिनीकडून कळलं. तिचं माहेर आखाडा बाळापूरकडचं, तिची माय तिकडं बायांना मुळी बांधायची. लग्न होऊन आली तशी आमच्या बांधावरची वेल तिनं पहिल्याच पावसाळ्यात हुडकली. वहिनी बोलायला फटकळ. माय एक बोलली की ही दोन बोलणार, पण हसत.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझं लग्न झालं होतं आणि मला कनेरगाव नाक्यावर चहाचं हॉटेल टाकायचं होतं. त्यासाठी वाटणी हवी होती. दादाला तोंडावर तसं म्हणायची माझी हिंमत नव्हती. चांगल्या चाललेल्या घरात वाटणी मागणारा वाईट ठरतो. भांडण लागलं तर कुणालाच मागावं लागत नाही. म्हणून एका दुपारी बांधावर गेलो आणि विळ्यानं मुळी उकरून आणली. आवतन नाही, काही नाही.

पुढं एकदा कोकरानं परातीतलं पीठ खाल्लं.

“कोकरू कुणी सोडलं?” माय म्हणाली.

“तुमच्याच हातानं सुटलं आत्याबाई, मला काहून विचारता?” वहिनी म्हणाली.

“काय तोंड हाय. खरी कळलावी तूच.”

असं रोजच चालायचं. मी एरवी मध्ये काहीतरी थट्टा करायचो, दोघी हसायच्या आणि विषय संपायचा. त्या दिवशी मी थट्टा केली नाही. “हे रोजचंच झालं. याच्यापेक्षा वेगळं निघालेलं बरं,” असं म्हणालो. दादानं माझ्याकडं पाहिलंच नाही, वहिनीकडं पाहिलं. पोळ्याच्या आत चुली वेगळ्या झाल्या. घराच्या मधोमध भिंत आली, माय माझ्याकडं राहिली, आणि थोरलीनं घर फोडलं असं गावभर सांगू लागली. मी नाक्यावर चहा उकळत होतो.

पुढल्या पावसाळ्यात माझी बायको बाळंत व्हायची होती. तिला माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याकडंच. दुपारी कळा सुरू झाल्या. सांजच्याला भिंतीपलीकडून वहिनी हळद-कुंकू घेऊन कुठं गेली, हे आम्हाला कळलंही नाही. सकाळपर्यंत काही होईना. “लेकरू खाली सरकून न्हाई राहिलं, हिंगोलीला न्या,” सुईण म्हणाली. मी जीप आणायला गोरेगावला माणूस धाडला.

तेवढ्यात वहिनी ओढ्याकडून आली. मूठ आवळलेली. माय दारात बसली होती.

“आता काहून आली? घर फोडून मन भरलं न्हाई?”

वहिनी तशीच पुढं आली.

“बोल की. आज दातखीळ बसली व्हय?”

वहिनीनं कुणाचा टोमणा कधी ठेवून घेतलेला मी पाहिला नव्हता. तिनं मान खाली घातली आणि मायच्या अंगावरून आत गेली. तिच्या नखांत माती होती. मला कळलं. ती काहून बोलत नाही, हे मायला मी सांगू शकलो असतो. पण त्या मुळीचं नाव मायसमोर माझ्या तोंडातून निघेना.

जीपचा हॉर्न वेशीकडून ऐकू आला तेव्हा आत लेकरू रडलं. वहिनीनं त्याच क्षणी दोरा तोडला, मुळी नेऊन होती तिथं बांधावर पुरली, परत येऊन हात धुतले आणि मायसमोर उभी राहिली.

“हं, आता बोला आत्याबाई. सकाळपासून तोंड बांधून हाय मी.”

सुईण हसली. माय म्हणाली, “पोरगी झाली. बस, चहा टाकते.” आणि दुसऱ्या दिवशी हापशावर बायांना पुन्हा तेच सांगितलं, थोरलीनं घर फोडलं.

मुळीमुळं झालं की वेळच आली होती, मला ठाऊक नाही. पण शिव्या खात, न बोलता, बांधावरून माझ्या दारापर्यंत आलेली वहिनी मला ठाऊक आहे. आणि आमच्यासारख्यांच्या हातून घर फोडायचं अन्‌ अडलेलीला सोडवायचं, दोन्ही कामं मुकाट्यानं करणारी ती वेलही.

दोन हजारनंतर आम्ही माळवद उतरवून पत्रे टाकले. तुळई खाली घेताना वाळलेली मुळी पडली. मदतीला आलेल्या चुलत्यानं उचलली. “ही तर कळलावी. हितं कुणी ठेवली?”

सगळे वहिनीकडं पाहू लागले. कळलावीला हात लावणारं गावात दुसरं होतं कोण? “मी म्हणत होते,” माय म्हणाली.

वहिनीनं मुळी हातात घेऊन फिरवून पाहिली. “हिला विळा लागलाय. मी लोखंड लावत न्हाई.”

कुणी ऐकलं नाही. “जाऊ दे, जुनं झालं,” म्हणत दादानं ती उकिरड्यावर फेकली. मी शिडी धरून उभा होतो. तिचा शब्द खरा आहे हे त्या ओसरीत मला एकट्याला माहीत होतं.

त्यानंतर वहिनी बांधावर आवतन द्यायला गेली नाही. बाया आता जीपनं हिंगोलीला दवाखान्यात जातात, ते बरंच आहे, तिला बोलावणंही कमी झालं होतं. पण ती आता फूल पाहायलाही तिकडं जात नाही. वेल मात्र दरसाल येते.

माय अजून आहे, दादाही आहे. त्या दोघांसमोर, वहिनी बसलेली असताना, मुळी मी ठेवली आणि वेगळं निघायचं मीच पहिल्यांदा बोललो, हे मला सांगायचं आहे. ते अजून सांगितलेलं नाही.