मेलेल्या वासराचं अंगडं

नेब्रास्कात मार्चमध्येही बर्फ होता. माझी मैत्रीण शैला तिथल्या रँचवर गायींची बाळंतपणं करायची. त्या सकाळी एका गाईला मेलेलं वासरू झालं. दुसरी गाय विताना मेली आणि तिचं वासरू आईविना उरलं. दूध मिळालं नाही, तर तेही जाणार होतं.

शैलानं मेलेल्या वासराचं कातडं सोलून पोरक्या वासराच्या पाठीवर बांधलं.

"हे काय गं?" मी कशीबशी म्हणाले.

"अंगडं. गाय वासावरून पोर ओळखते. दोरी धर, एम.ए. बाई!"

पोर गमावलेल्या गाईनं वासराला हुंगून लाथ मारली. शैलानं त्याला पुन्हा पुढे ढकललं. "घे गं माय."

गाईनं परत हुंगलं. मग चाटलं. वासरू लुचू लागलं.

"फसली," मी पुटपुटले.

"आठवड्यानं अंगडं काढेन. तेव्हाही पाजेल, बघ."

बर्फानं हात पुसून ती पुढच्या गाईकडे गेलीसुद्धा.